कुबडावरची बाग

बाबा, दीड महिन्यापूर्वी आम्ही कुबडावर जाऊन आलो. आई, मामा, मी आणि गाडी चालवायला माझा मुलगा, म्हणजे तुमचा नातू, जो तुम्ही पाहिलेला नाही. समुद्रातून ज्या डोंगराकडे बघून तुम्ही आयुष्यभर होडी वळवलीत, त्याच्या माथ्यावर आता बाग केली आहे. खाली गाड्या लावायला मैदान, तिकिटाची खिडकी, वर जायला वळणावळणाचा डांबरी रस्ता. बागेचं नाव इंग्रजी आहे, ते तुम्हाला सांगून काही उपयोग नाही. रविवारी वापी-सुरतेकडून गाड्यांची रांग लागते. आपल्या वरोरच्या होड्या सोडल्या तर त्या डोंगराला कुणी कुबड म्हणत नाही, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तलासरीच्या तहसील कचेरीत मी तीसेक वर्षं काढली. टेबलामागच्या खिडकीतून रोज एक डोंगर दिसायचा, सपाट, पाय ताणून झोपलेल्या माणसासारखा. तो आपलाच डोंगर आहे हे समजायला मला दोन पावसाळे लागले. त्याचं पोक फक्त समुद्रातून दिसतं.

जायचं काढलं मामाने. तो आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. तुमच्या होडीवरून उतरला तो बोर्डीला एका चिकूच्या वाडीत कामाला लागला आणि तिथेच माळी म्हणून म्हातारा झाला. अजून सकाळी वाडीत एक फेरी मारल्याशिवाय चहा घेत नाही. फोनवर मला म्हणाला, "बाय, तुझ्या पोराकडे गाडी आहे ना? मग ने की एकदा. बारा वर्षं त्या कुबडाला लांबून बघितला. जवळून कसा आहे ते तरी बघू दे." आईला विचारलं तर म्हणाली, "फुलं बघायला डोंगरावर जायचं? दारात काय फुलं नाहीत?" पण त्या दिवशी आम्ही वरोरला पोचलो तेव्हा ती सकाळी सातलाच नवं पातळ नेसून ओट्यावर बसली होती, मांडीवर डबा. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी. बोर्डीला वळून मामाला घेतलं आणि तिथून तलासरीकडे निघालो. दोघं बहीणभाऊ मागे बसून वाटेतल्या प्रत्येक वाडीच्या मालकाची कुळकथा सांगत होते. मी पुढे बसून ऐकत होते. त्या दोघांना असं शेजारी बसलेलं बघितलं की मला आत कुठेतरी टोचतं, हे तुम्हाला माहीत नाही, कारण ते का टोचतं हेच तुम्हाला कधी कळलं नाही.

तो हंगाम तुम्हाला किती आठवत होता मला माहीत नाही. मला दिवसागणिक आठवतो. मी बारा वर्षांची, सातवीत. नारळी पौर्णिमा झालेली, होड्या नुकत्या पाण्यात उतरलेल्या, आणि त्याच वर्षी नव्याने घेतलेल्या तुमच्या दुसऱ्या खलाशाला कामावर येण्याआधीच कावीळ झाली. बाईमाणसाला होडीत घेत नाहीत. "ती अजून बाईमाणूस कुठे झालीय," असं तुम्ही आईला म्हणालात आणि मला होडीतलं पाणी उपसायला बसवलंत. तीन रविवार मी आले. पहिल्या रविवारी ओकले, दुसऱ्या रविवारी नाही, तिसऱ्या रविवारी तुम्ही पाण्याखालच्या तुमच्या खडकावर नेलंत. वरून काही दिसत नाही. पाणी सगळीकडे सारखंच. तुम्ही इंजिन बंद करून किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहता आणि मामा नांगर हातात धरून पुढच्या टोकाला. "कुबड कुठाय?" तुम्ही विचारता. "कळसाच्या जरा डावीकडे," मामा सांगतो. "थांब." होडी आपोआप सरकते. डोंगराचं पोक गावच्या देवळाच्या कळसावर येऊन बसतं, हंड्यावर कळशी ठेवावी तसं. मग तुम्ही मान वळवता. खाडीच्या तोंडाशी ताडांची जोडी आहे आणि त्या दोन ताडांच्या मधून पलीकडचा पांढरा बंगला हळूहळू दिसायला लागतो. "टाक," तुम्ही म्हणता, आणि नांगर जातो. त्या दिवशी दोन घोळ लागल्या, सगळ्यात जास्त भाव मिळणारी ती मासळी, एक माझ्या उंचीची. मी पाणी उपसायचं सोडून मनात एकच घोकत होते: कुबड कळसावर, बंगला ताडांत. कुबड कळसावर, बंगला ताडांत. तुम्ही मला ते शिकवलं नव्हतं. मी ऐकलं होतं.

तो खडक तुम्हाला तुमच्या बाबांनी दाखवला होता आणि गावातली दुसरी होडी तिथे जात नव्हती, कारण तो कुठे आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. समुद्र कुणाच्या मालकीचा नसतो, पण खुणा असतात. हे मला तेव्हाही कळत होतं. मी लहान होते, कळत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण ते खरं नाही. माझ्या वर्गात गावातल्या दुसऱ्या होडीच्या तांडेलाची मुलगी होती, त्यांची होडी आपल्यापेक्षा मोठी. मधल्या सुट्टीत ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला होडीत नेतात ते पाणी उपसायला. तुला काय कळतंय समुद्रातलं?" मी काटकी घेतली आणि शाळेच्या मैदानातल्या मातीत रेघा काढल्या. हा डोंगर. हा कळस. हे ताड, हा बंगला. ही रेघ आणि ही रेघ जिथे मिळते तिथे नांगर टाकायचा. घंटा झाली आणि आम्ही वर्गात गेलो.

आठ दिवसांनी तुम्ही खडकावर पोचलात तेव्हा तिथे चार होड्या नांगर टाकून उभ्या होत्या. दोन आपल्या गावच्या, दोन खाडीपलीकडच्या. दुपारी तुम्ही घरी आलात. आई चुलीशी आहे, मी मोरीत बसून मांदेली साफ करते आहे. तुम्ही आत येत नाही, उंबऱ्यावरच बसता. "खडकावर चार होड्या. दोनच माणसांना माहीत होतं," तुम्ही म्हणता. "मला आणि तुझ्या भावाला." आई मागे न वळता म्हणते, "माझा भाऊ मरेल, पण सांगणार नाही." तुम्ही म्हणता, "मग मी सांगितलं का?" आई तव्यावरची भाकरी उलटते. आणि मग तुम्ही माझ्याकडे बघता. मला वाटतं, आता विचारणार. विळीवरचा माझा हात थांबतो. तुम्ही म्हणता, "पाणी दे प्यायला." मी उठते, हात धुते आणि तुम्हाला पाणी देते. बाबा, तुम्ही माणसं मोजलीत आणि त्यात मला धरलंच नाहीत.

संध्याकाळी मामाला अंगणात बोलावलंत. त्याने आजीची शपथ घेतली, म्हणजे त्याच्या आणि आईच्या आईची, जी तेव्हा हयात होती. तुम्ही त्याला शिवी दिली नाहीत की आवाज चढवला नाहीत. "उद्यापासून येऊ नको," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही अंगणात जाळं सांधत बसला होतात तेव्हा मी तुमच्याजवळ आले. "बाबा, मामाने नाही..." एवढंच बोलले असेन. तुम्ही जाळ्यातून डोकं वर न काढता म्हणालात, "मोठ्यांच्या बोलण्यात यायचं नाही." माझ्या अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. तुम्हीच मला गप्प केलंत, मग मी काय करणार. पुढची कित्येक वर्षं मी त्या एका वाक्याच्या आड लपून राहिले.

आई त्या हंगामात तुमच्याशी थेट बोलली नाही. "सांग तुझ्या बाबांना, पान वाढलंय." "सांग तुझ्या बाबांना, मी बोंबील वाळत घालायला चाललेय." मी मधे उभी राहून निरोप द्यायची, तुम्ही दोघं चार हातांवर असताना. पुढे बोलणं सुरू झालं, घर चालायचं तर बोलावं लागतंच. पण होडी लागायच्या वेळी ती किनाऱ्यावर यायची ते तिने कायमचं सोडलं. काकूला पाठवायची. जूनमध्ये तुम्ही मला बोर्डीच्या वसतिगृहात टाकलंत, आठवीला. डहाणूच्या बाजारातून नवी कंपासपेटी आणून माझ्या पिशवीत ठेवलीत. बोर्डीला दर रविवारी मामा यायचा, पिकलेले चिकू घेऊन. वाडीतल्या गोष्टी सांगायचा, कलम कसं बांधतात, वटवाघळं कशी नासधूस करतात. समुद्राचं नाव काढायचा नाही. मी चिकू खायची आणि त्याच्या तोंडाकडे बघायची नाही.

आणि मग डहाणूचा दवाखाना. मी चोवीस वर्षांची, तलासरीला नोकरी लागून सहा महिने झालेले, रजा काढून तुमच्या उशाशी बसलेली. तुम्हाला धाप लागायची, दोन शब्दांनंतर थांबायचात. एका सकाळी तुम्ही आईला म्हणालात, "त्याला बोलव." कोणाला, हे विचारायची गरज नव्हती. आई पदराने तुमचं तोंड पुसत म्हणाली, "आता कशाला." तुम्ही डोळे मिटलेत. मी मोसंबं सोलत होते. बोर्डी तिथून एसटीने तासाभरावर. मी उठून जाऊ शकले असते, दुपारच्या आत मामाला घेऊन परत आले असते. मी मोसंबं सोलत राहिले. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात आणि मामा थेट मयतीला आला.

आता बागेचं सांगते. बाग चांगली आहे. फाटकावर पिशव्या तपासतात, बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. तिथल्या माणसाने आईचा डबा बघितला. "आजी, खाणं आत चालत नाही." "खाणं नाही, पथ्य आहे," आई म्हणाली. त्याने झाकण उघडलं, बोंबलांचा वास आला तसं पटकन बंद केलं आणि म्हणाला, "जा आजी." म्हाताऱ्या माणसांना वर न्यायला बॅटरीची गाडी आहे, तीत दोघांना बसवलं. वर पायऱ्यापायऱ्यांनी डोंगर कापून वाफे केलेत. झेंडू, शेवंती, आणखी कितीतरी जांभळी-गुलाबी फुलं ज्यांची नावं मामालाही सांगता येईनात. तारांचे हत्ती करून त्यांच्यावर वेल चढवलेत. कर्ण्यावर गाणी. एका गुजराती बाईने माझ्या मुलाला फोटो काढायला सांगितला तर आईच तिच्याशी गुजरातीत बोलायला लागली, कुठून आलात, किती मुलं. उंबरगावच्या बाजारात सुकी मासळी विकायला जायची तेव्हाचं तिचं गुजराती अजून पक्कं आहे. तिला मजा वाटत होती, हे मला दिसत होतं.

मामा फुलांकडे बघतच नव्हता. एका कोपऱ्यात शोभेला म्हणून चिकूची चार कलमं लावली होती, तो तिकडे गेला आणि उकिडवा बसून बुंध्याजवळची माती बोटांनी काढायला लागला. तिथला माळी धावत आला. पन्नाशीचा माणूस, डोंगराखालच्या पाड्यातला. "काका, हात नका लावू, सायब ओरडतील." मामा म्हणाला, "रोज पाणी घालतोस ना?" "घालतो. तसं सांगितलंय." "कमी कर. आणि ही माती काढ. खालचं खोड खिरणीचं, वरचं चिकूचं. जिथे बांधलंय तो सांधा उघडा राहिला पाहिजे. तू तो पुरून टाकलायस." माळी त्याच्या शेजारी बसला. दोघांनी मिळून चारही झाडांची माती काढली. मग मामाने त्याला विचारलं, "इथे कुबड कुठलं रे?" माळ्याला कळेना. मामाने हाताने आकार काढून दाखवला, समुद्रातून दिसतो तसा. "ते? ते मागलं टेकाड," माळी म्हणाला. "त्याच्यावर आता पाण्याची टाकी बांधलीय. बागेला पाणी तिथूनच येतं." मामा वळून बराच वेळ त्या टाकीकडे बघत राहिला. आपण ज्याला एक डोंगर समजत होतो ते दोन होते, बाबा. एक पुढे, एक मागे.

पश्चिमेच्या बाजूला कठड्याला लागून बाकडी आहेत, तिथे आम्ही बसलो. खाली पाडे, पुढे चिकूच्या वाड्यांचा गर्द पट्टा, त्यापुढे डहाणूच्या वीज केंद्राची चिमणी आणि तिच्या मागे समुद्र. पाणी आहे असं वाटतच नाही, राखाडी कापडाची पट्टी लावल्यासारखा. आईने डबा उघडला. माझ्या मुलाने विचारलं, "आजोबा, तुम्ही मासे पकडायचात ते इथून दिसतं का?" मामाने भाकरीचा तुकडा हातात धरूनच बोट दाखवलं. "चिमणीच्या डाव्या हाताला ये. अजून ये. तिथे वरोर. आणि त्याच्या बाहेर, हे एवढं आत, आमचा खडक. कुबड कळसावर, बंगला ताडांत." अगदी सहज म्हणाला. अठ्ठेचाळीस वर्षांत ते वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हल्ली तो खडक कुणालाही सापडतो, होड्यांवर यंत्रं असतात, पडद्यावर दिसतं, आणि घोळ तिथे वर्षातून एखादी मिळाली तर मिळते. म्हणजे लपवायचं काही उरलेलं नाही.

मी म्हटलं, "मामा, ते मी सांगितलं होतं."

"काय?"

"खडकाच्या खुणा. शाळेत, त्या तांडेलाच्या मुलीला. तू नव्हतं सांगितलंस. मी सांगितलं. बाबांनी तुला उगाच काढलं."

त्याने भाकरीचा तुकडा डब्याच्या झाकणावर ठेवला. मला वाटलं तो उठून जाईल, किंवा रडेल, किंवा म्हणेल जाऊ दे बाय. तो डोळे बारीक करून आठवत होता. "कधी?" त्याने विचारलं. "किती दिवस आधी?" मी सांगितलं, आठ दिवस. तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मीपण सांगितलं होतं."

"काय सांगितलंस?" हे मी नाही, आईने विचारलं.

"ताडी प्यायला बसलो होतो अक्का, खाडीपलीकडे. चार जण होते. कोणीतरी म्हणालं, तुझा तांडेल घोळ कुठून आणतो, जादू करतो काय. मी बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा धाबं दणाणलं." आणि मग माझ्याकडे वळून, हिशेब लागल्यासारखं, "तिथे आपल्या गावच्या दोन होत्या ना? आणि पलीकडच्या दोन. म्हणजे दोन तुझ्या, दोन माझ्या."

माझा मुलगा हसला. त्याला वाटलं, जुनी गंमत आहे. मला हसावं की काय ते कळेना. पण मी आईकडे बघितलं. तिने डबा बंद केला होता. "तू आईची शपथ घेतली होतीस," ती मामाला म्हणाली. "माझ्या अंगणात."

"हो अक्का."

"खोटी."

"हो."

"मी त्यांना काय काय बोलले तुझ्यासाठी." मामा खाली बघत होता. "बारा वर्षं. ते जाईपर्यंत," आई म्हणाली. मग काठी घेऊन उठली. माझ्या मुलाने हात पुढे केला तो तिने बाजूला सारला. वाफ्यांच्या मधल्या वाटेने एकटीच चालत गेली, हत्तींच्या बाजूने, फोटो काढणाऱ्यांच्या मधून, आणि बॅटरीच्या गाडीत मागे तोंड करून बसली. मामा जागचा हलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तिला सांगायला पाहिजे होतं. शंभर वेळा मनात आलं. पण ती माझ्यासाठी नवऱ्याशी भांडली होती गं. मग कोणत्या तोंडाने सांगणार?" दर रविवारी चिकू घेऊन येणाऱ्या त्याच्याबद्दल मीही हेच म्हणू शकले असते.

परतताना आधी बोर्डी. मामा उतरला, घरात गेला आणि चिकूची पिशवी घेऊन आला. आईने खिडकीची काच खाली घेतली नाही. त्याने दार उघडून पिशवी तिच्या पायाशी ठेवली आणि दार हळूच लावलं. डहाणूला ज्या दवाखान्यात तुम्ही होतात तिथे आता दुसरी इमारत आहे, ती मागे पडल्यावर आई म्हणाली, "त्यांनी त्याला बोलव म्हटलं होतं. माफ करायला बोलावत असतील. आणि मी म्हटलं, आता कशाला. मला वाटलं, चूक यांची आहे तर यांनीच आधी तोंडाने म्हणावं." मी म्हटलं, "मीही तिथेच होते, आई. मी जाऊ शकले असते." ती म्हणाली, "तू मोरीतही होतीस." मग पायाशी ठेवलेली पिशवी तिने बाजूला सरकवली. "का सांगितलंस गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, शाळेत भांडण झालं, चिडवलं म्हणून. तिने मान हलवली. तिला ते पुरलं.

घरी पोचल्यावर तिने मला जेवायला वाढलं, नेहमीसारखं. रागावली नाही. माझ्यावर रागावायला तिच्यात काही उरलं नव्हतं, असं वाटलं. पुढे तीन आठवडे मामाचा फोन आला की ती मला खूण करून नाही म्हणायला लावायची. मी वरोरलाच राहिले होते, तिचा गुडघा सुजला होता डोंगरापायी. मग एक दिवस बोंबील वाळत घालताना म्हणाली, "लाव त्याला." मी लावून दिला. तिने फोन कानाला धरला आणि हॅलो न म्हणता सांगितलं, "तुझे चिकू कच्चे निघाले. अर्धे फेकले." तिकडून मामा काय बोलला मला ऐकू आलं नाही. ती ऐकत होती. "तुझ्या गुडघ्याला काय झालंय, मला सांगू नको, माझा बघ," असं पुढे म्हणाली, आणि मी उठून आत आले. आता बोलतात. आधीसारखं नाही, पण बोलतात.

तुमचं काय करायचं, हा तिचा प्रश्न राहिला. परवा मला म्हणाली, "त्यांचं बरोबर होतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. तू लिही. कचेरीत एवढं लिहिलंस, हेही लिही." मी विचारलं, "लिहून पाठवू कुठे?" ती म्हणाली, "मला वाचून दाखव. त्यांच्या वाटचं मी ऐकते." म्हणून दोन दिवस ओट्यावर बसून लिहिते आहे. ती मधूनमधून विचारते, झालं का. इथवरचं सगळं मी तिला उद्या वाचून दाखवीन. यापुढचं दाखवणार नाही, ते पान काढून घेईन.

त्या मुलीने चिडवलं म्हणून मी सांगितलं, हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. तुम्ही उंबऱ्यावर बसून चार होड्या म्हणालात तेव्हा मी भ्यायले, आणि त्याच वेळी मला आनंद झाला. मी मातीत काढलेल्या रेघा बरोबर होत्या. मी सांगितलेल्या जागी चार होड्या, मोठ्या माणसांच्या, नेमक्या जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मांदेली साफ करता करता मी तेच मनात धरून बसले होते. आणि त्या दिवशी डोंगरावर मामा म्हणाला, दोन तुझ्या, दोन माझ्या, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते नंतर वाटलं. आधी वाटलं, माझ्या चारातल्या दोन होड्या कमी झाल्या.